बोंडाचं वय

"हा डाग बघ," केशवराव म्हणाले आणि काचेची पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. "आता हा बघ."

पंचफुला शेतावरच्या ऑफिसच्या दारातच उभी होती. ती थेट वावरातून आली होती. पायांना काळी माती, कमरेला रंगीत दोऱ्यांच्या गुंड्यांची पिशवी. साहेबांनी दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती आत आली आणि टेबलापासून हातभर अंतरावर थांबली.

दोन्ही काचांवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता आणि त्यावर पिवळट तपकिरी ठिपके, खालून वर एका ओळीत चढत गेलेले, चरबीच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळ्या उंचीवर. पहिल्या काचेवर मधला एक ठिपका बोराएवढा होता. दुसऱ्या काचेवर त्याच जागी तुरीच्या दाण्याएवढा.

"दोन्ही काचांवर सरकीतली चरबी आहे," केशवराव म्हणाले. "दोन्ही सरक्या पंचवीस दिवसांच्या बोंडातल्या. निदान तुझे धागे तसं सांगतात. मग एकीत हा डाग एवढा, आणि दुसरीत एवढुसा, हे कसं?"

"थे मले कसं सांगता येईन साहेब? धागे बराबर हायेत."

"बरोबर असते तर डाग सारखे आले असते."

टेबलाच्या पलीकडे कौशल्या बसली होती. तिच्यासमोर मोठं रजिस्टर उघडं होतं. केशवरावांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "लिहा. अकरा नमुने वगळले. कारण, मजुराकडून फुलांच्या खुणांत चूक."

कौशल्याची लेखणी थोडी थांबली, मग चालली. पंचफुलाला वाचता येत नव्हतं, पण लिहिणाऱ्याचा हात अडखळलेला तिला कळला.

"काय लिवलं बाई?"

कौशल्याने वाचून दाखवलं. आवाज खाली गेला होता.

"माहं नाव हाय का त्याच्यात?"

"नाव नाही. मजूर असं आहे."

"धागे बांधनारी मी एकलीच आहो," पंचफुला म्हणाली. "मंग नावच झालं थे."

ते साल चौसष्ट होतं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अकोल्यापासून तीन मैलांवर कापसाच्या संशोधनासाठी राखलेली जमीन होती, तिथे पंचफुला तायडे गेली नऊ वर्षं रोजाने कामाला येत होती. नवरा देवमन शहरात जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, होता. आधी ती निंदायला, वेचायला येत असे. बासष्ट साली अमरावतीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, कौशल्या, एम.एस्सी. होऊन तेलबियांवर संशोधन करायला इथे आली आणि तिने मुकादमाकडे एक नीट हाताची बाई मागितली. मुकादम नत्थुजींनी पंचफुलाला पाठवलं.

काम ऐकायला सोपं होतं. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी पडतं. सकाळच्या पिवळ्या फुलाच्या देठाला त्या दिवसाच्या रंगाचा धागा बांधायचा. पुढे फूल गळतं, बोंड धरतं, पण धागा राहतो. महिन्याभराने त्या धाग्यावरून सांगता येतं की हे बोंड आज बरोबर इतक्या दिवसांचं झालं. मग ते तोडून आतली कोवळी सरकी काढायची आणि तिच्यात किती चरबी झाली, कोणत्या प्रकारची झाली, ते पाहायचं.

पहिल्याच दिवशी कौशल्याने घाईत एका गुलाबी फुलाला धागा बांधला होता. पंचफुलाने तो सोडवला होता. "हे कालचं हाय, बाई. आजच्या रंगात कालचं फूल बांधलं का सारा हिशेब बसला खड्ड्यात."

त्यानंतर तीन हंगाम कौशल्याने धाग्याला हात लावला नाही. रंग संपले की पंचफुला गाठी मारायची. हिरव्या धाग्याला एक गाठ म्हणजे एक तारीख, दोन गाठी म्हणजे दुसरी. कोणत्या दिवशी कोणता धागा, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. कौशल्या ते संध्याकाळी वहीत उतरवून घेई.

आणि आता त्याच रजिस्टरात चूक लिहिली गेली होती.

"साहेब," पंचफुला म्हणाली, "मले एक डाव पारखून पहा."

"म्हणजे?"

"तुमी सोता वावरात चला. तुमच्या हातानं वीस बोंडं तोडा. धागे काढून खिशात ठेवा. बोंडं मले द्या. मी एकएक फोडून सांगतो किती दिसाचं हाय थे. मंग धाग्याशी लावून पहा. माहं बोलनं अन् धागा जुळला नाई तं मी उद्यापासून कामावर येत नाई. जुळला तं थे लिवलेलं खोडा."

केशवराव दुष्ट गृहस्थ नव्हते. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून त्यांना मार्चच्या आत वरच्या कचेरीला अहवाल पाठवायचा होता, आणि ते अकरा नमुने काढून टाकले तर बाकीचा आलेख देखणा येत होता. मजूर बाईची चूक हे त्यांना सगळ्यांत साधं कारण वाटलं होतं, एवढंच. ते उठले, टोपी घातली.

वावराच्या कडेला टिनाची शेड होती. पंचफुला तिथे पाट टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. अर्ध्या तासाने केशवराव बोंडांनी भरलेली टोपी घेऊन आले. धागे त्यांनी आकडे घातलेल्या पाकिटांत टाकले होते. नत्थुजी काम सोडून शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

पंचफुलाने पहिलं बोंड हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, विळ्यावर चिरलं. सरकीचा दाणा नखाने फोडला.

"आत नुसतं पानी हाय. पंधरा दिसाचं. जास्तीत जास्त सोळा."

केशवरावांनी पाकीट उघडलं. कौशल्याने वही पाहिली. पंधरा.

"हे एकवीस. गर धरून राहिला, बोटाले चिकटते."

एकवीस.

"हे तीस. पहा, दान्याच्या अंगावर काळे ठिपके उठले. भरलं हे आता. याच्यात तेल हाय."

तीस.

नववं बोंड तिने चिरलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "चोवीस."

"सत्तावीस," केशवराव म्हणाले. "चुकली."

"कोठचं हाय हे?"

"धुऱ्याजवळचं, तिकडच्या बांधावरचं."

"बाभळीखालचं?"

केशवरावांनी होकार दिला.

"सावलीतलं बोंड मागं रायते, साहेब. धागा सत्तावीस म्हनते तं सत्तावीसच. बोंड हळू हाय."

"त्या झाडाखालची बोंडं आम्ही कधी घेतच नाही," कौशल्या हळूच म्हणाली. "पहिल्या वर्षीच पंचफुलाबाईंनी मला सांगितलं होतं."

विसावं बोंड फुटलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. अठरा अगदी बरोबर, एक दिवसाने पुढे एक, आणि बाभळीखालचं ते. नत्थुजी एवढंच म्हणाले, "भल्ली हाय हे बाई," आणि निंदणाकडे निघून गेले.

केशवरावांनी चष्मा पुसला. "धागे बरोबर आहेत, मी मानतो. पण मग डाग का बदलतो, त्याचं कारण पाहिजे. कारण सापडेपर्यंत नोंद तशीच राहील."

"आन् सापडलं तं?"

"तर मी स्वतः खोडीन."

ते ऑफिसकडे गेले. शेडमध्ये दोघीच राहिल्या. पंचफुलाने फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी होती. एक भाकर तिने न विचारता कौशल्यापुढे ठेवली. कौशल्या अकोल्यात मावशीकडे राहत होती; तिथून आणलेला डबा तिने उघडलाही नाही.

"त्या डागाचं तुमाले काहून एवढं पडलं बाई?" पंचफुलाने विचारलं. "मोठा का लहान, एक डागच तं हाय."

कौशल्याने घास हातात धरला. मग तिने सांगितलं, जसं ती कधी आपल्या वडिलांनाही सांगू शकली नव्हती.

"सरकीच्या दाण्यात बारीक बारीक घरं असतात. डोळ्याला दिसत नाहीत एवढी. त्या घराला भिंत असते आणि आतही खोल्या असतात. त्या भिंती चरबीच्या असतात, अगदी पातळ. तेल वेगळं, ते साठवायला. भिंतीची चरबी वेगळी. पण दोन्ही एकाच कच्च्या मालातून तयार होतात असं म्हणतात. तो मधला डाग आहे ना, तो त्या कच्च्या मालाचा आहे असं मला वाटतं. पंचविसाव्या दिवशी, तेल बनायला लागतं तेव्हा, त्याचा मोठा ढीग पडलेला दिसतो. असा ढीग बियांत कुणी पाहिलेला नाही. मी पाहिला."

"मंग तं चांगलं हाय."

"चांगलं आहे. पण कधी ढीग दिसतो, कधी दिसत नाही. मार्चमध्ये माझी शिष्यवृत्ती संपते. हे सिद्ध झालं तर माझं काम झालं. नाही तर अमरावतीला परत. तिकडे आईने स्थळं बघून ठेवली आहेत."

ती चटणी भाकरीला लावून खात होती. "ताजी केली का आज?"

"पंधरा दिस झाले."

"जवसाची ना? आमच्याकडे आठव्या दिवशी खवट वास येतो."

"तुमी कच्चं जवस कुटत असान. तसं नाई कराव. जवस अख्खं असते तवर वरीस वरीस काही होत नाई त्याले. फोडलं, कुटलं, का आतल्या आत बिघडाले लागते. म्हनून आंदी भाजाव, मंग कुटाव. भाजलेलं मेलं, त्याच्यात मंग काही होत नाई."

कौशल्याचा हात थांबला.

"काय झालं व माय? तिखट लागलं?"

"नाही." तिने भाकर खाली ठेवली. "आपण सरकी इथे चिरतो. गर काढतो. बाटलीत घालून थर्मासमध्ये बर्फावर ठेवतो. शालिकराम सायकलवर ती शहरातल्या प्रयोगशाळेत नेतो. किती वेळ लागतो?"

"नेहमी तं अर्धा घंटा. पन सोमवारी अन् गुरुवारी थो आंदी डाक घेऊन ठेसनावर जाते, मंग तुमच्याकडे. दोन वाजतेत. बर्फाचं पानी होऊन जाते."

कौशल्याने सोबत आणलेलं रजिस्टर ओढलं. अकरा नमुने होते, मोठ्या डागाचे. ती तारखा वाचत गेली आणि पंचफुला वार सांगत गेली. सोमवार. गुरुवार. गुरुवार. सोमवार. अकरांपैकी नऊ.

"आणि हा मंगळवार?"

"त्या दिशी सायकल पंचर झाली होती."

"हा शुक्रवार?"

पंचफुलाने आठवून पाहिलं. "बहिनीकडे चा प्याले थांबला होता शालिकराम. त्यानंच मले सांगतलं."

कौशल्याने रजिस्टर मिटलं. तिला सगळं दिसलं होतं. डाग बोंडाच्या वयाचा नव्हताच, उशिराचा होता. गर चिरला की त्यातलीच काहीतरी रसायनं जागी होतात आणि भिंतींची चरबी तोडायला लागतात. तोडून जे उरतं ते अगदी त्या कच्च्या मालासारखंच असतं, म्हणून त्याच जागी डाग पडतो. एका परदेशी नियतकालिकात तिने वाचलं होतं की पानं तोडल्याबरोबर उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकावीत, म्हणजे ती रसायनं मरतात. ते पानांसाठी आहे, बर्फ असल्यावर बियांना काय गरज, असं म्हणून तिने पान उलटलं होतं.

आणि तसं असेल, तर ढीग नव्हताच. तीन वर्षं ती खवट झालेल्या चरबीचं माप घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिने काहीच केलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पंचफुला सकाळी फुलांना धागे बांधत जायची आणि शेडकडे बघायची. कौशल्या रजिस्टर मिटून बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पंचफुला पाणी प्यायला आली आणि उभ्यानेच म्हणाली, "काहून थांबल्या बाई? भाजून पाहाचं होतं ना?"

"उकळून पाहायचं," कौशल्या म्हणाली. "सामान सगळं आहे. पण उकळलं आणि डाग गेला, तर माझं काही उरत नाही, पंचफुलाबाई. तीन वर्षं गेली."

"आन् नाई उकळलं तं?"

"तर साहेब म्हणतात तसं. ते अकरा नमुने वगळायचे, बाकीचे दाखवायचे. बाकीच्यांतही थोडाथोडा डाग आहे. आलेख चांगला दिसतो."

"म्हंजे थे लिवलेलं तसंच रायते."

कौशल्याने मान वर केली नाही.

पंचफुलाने गडव्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, पदराने पुसलं. रागावली असती तर कौशल्याला बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे बोलली.

"दीक्षा घेतली त्या साली माह्या मालकानं घरात एकच गोष्ट सांगतली. जे केलं नाई त्याच्यासाठी मान खाली घालाची नाई. मले लिवता येत नाई बाई. माहं लिवनं म्हंजे थे धागे. तुमचं जाईन तं तुमी दुसरं काही शोधसान, तुमाले डोस्कं हाय. माहं खोटं ठरलं तं मी काय शोधू?"

धुऱ्यावर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग कौशल्या उठली आणि शालिकरामला हाक मारून म्हणाली, "उद्या स्टोव्ह घेऊन ये. मोठं पातेलंही."

सकाळी शेडमध्ये स्टोव्ह पेटला. पातेल्यात पाणी खळखळलं तेव्हा कौशल्याने स्टोव्ह विझवायला सांगितला, कारण अल्कोहोल पेट घेतं. मग काचेच्या कुपीत अल्कोहोल घालून ती कुपी त्या गरम पाण्यात उभी केली. पंचफुलाने पंचवीस दिवसांची दहा बोंडं आणली. ती चिरायची, गर नखावर घ्यायची आणि पापणी लवायच्या आत कुपीत सोडायची. गर आत पडला की हलकासा चर्र आवाज यायचा. दुसऱ्या दहा बोंडांचा गर नेहमीसारखा बर्फावर ठेवला आणि मुद्दाम दोन वाजेपर्यंत तसाच राहू दिला.

"तुम्हीही चला प्रयोगशाळेत," कौशल्या म्हणाली.

"मी कशाले?"

"बोंडं तुमची आहेत."

ठिपके चढायला दुपार गेली. पंचफुला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली नाही, खिडकीशी उभी राहिली. संध्याकाळी साडेपाचला, ठिपके डोळ्याला दिसावेत म्हणून, कौशल्याने काचा आयोडिनच्या पेटीत ठेवल्या. जांभळट वाफ वर उठली. केशवराव घरी जायला निघाले होते, ते दाराशी थांबले.

डावीकडच्या काचेवर, बर्फावर ठेवलेल्या गराचे, ठिपके उमटू लागले. वर तेलाचा, मोठा, तपकिरी. खाली भिंतींच्या चरबीचे. आणि मध्ये तोच, बोराएवढा.

उजवीकडच्या, उकळलेल्या गराच्या काचेवर वर तेल उमटलं. खाली भिंतींच्या चरबीचे ठिपके उमटले, डावीकडच्याहून ठळक. मधली जागा पांढरीच राहिली. कौशल्याने काच तिरपी केली, उजेडाकडे धरली. अगदी फिकट सावलीसारखं काहीतरी होतं, आहे म्हटलं तर आहे.

"गेला," ती म्हणाली.

केशवरावांनी काच हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "तीन वर्षांचं काम पुसलं गेलं, कौशल्याबाई. कळतं ना तुम्हाला?"

"कळतं, सर."

"सगळी मोजमापं पुन्हा करावी लागतील. या हंगामाचे पाच आठवडे उरलेत."

"करू," कौशल्या म्हणाली. मग तिने पंचफुलाकडे पाहिलं. "होईल ना?"

"धागे बांधलेलेच हायेत," पंचफुला म्हणाली.

केशवरावांनी खुर्ची ओढली, रजिस्टर मागवलं. ते ओळीवर आडवी रेघ मारून थांबले नाहीत. बाजूला नवीन ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. ते लेखणी बंद करत होते तेव्हा पंचफुला म्हणाली, "वाचून दाखवा."

कौशल्याने हात पुढे केला, पण केशवरावांनी रजिस्टर दिलं नाही. त्यांनी स्वतः वाचलं. "फुलांच्या खुणा तपासल्या. सर्व बरोबर आहेत. दोष नमुना नेण्यातील विलंबाचा."

"विलंब म्हंजे?"

"उशीर."

"मंग उशीरच लिवाचं होतं," पंचफुला म्हणाली आणि निघाली. जिन्यावर कौशल्याने तिला गाठलं. ती रडेल असं पंचफुलाला वाटलं होतं, पण तिचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा होता.

त्या पाच आठवड्यांत शेडमधला स्टोव्ह रोज पेटला. सोळाव्या दिवसापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत, प्रत्येक दिवसाचं बोंड. काम करताकरता पंचफुला प्रश्न विचारायची आणि कौशल्याला उत्तरं जुळवावी लागायची. भिंतींची चरबी आधी वाढते, तेल मागून येतं, हे दिसायला लागलं होतं. कच्चा माल साचतच नाही. झाला की लगेच वापरला जातो.

"बनते कोठी थे?" पंचफुलाने एकदा विचारलं. "साऱ्या खोल्यांत?"

"नाही. काही चरबी एकाच खोलीत बनते असं दिसतं. तिथून बाकीच्या भिंतींना जाते."

"जाते कशी? मधात तं पानी हाय म्हनता. तेल अन् पानी एक होत नाई."

कौशल्याच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "ते कोणालाच माहीत नाही."

"म्हंजे साहेबालेबी?"

"साहेबांनाही नाही. अमेरिकेतल्या लोकांनाही नाही."

पंचफुला एवढी हसली की तिला विळा खाली ठेवावा लागला. "बरं झालं. मले वाटलं मी एकलीच अडानी."

प्रबंध पासष्टच्या फेब्रुवारीत टाइप झाला. ढिगाचा शोध त्यात नव्हता. भिंती आधी आणि तेल नंतर, हा क्रम होता, स्वच्छ आकड्यांनिशी, आणि एक अख्खं प्रकरण होतं नमुना तोडल्याजागीच उकळण्याच्या पद्धतीवर. आभाराच्या पानावर कौशल्याने "श्रीमती पंचफुला देवमन तायडे" असं लिहिलं होतं. केशवरावांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि मजुरांची नावं प्रबंधात घालायची पद्धत नाही असं सांगितलं. कौशल्याने ते पान पुन्हा टाइप करून आणलं, नाव तसंच ठेवून. या वेळी त्यांनी काही न बोलता सही केली.

परीक्षकांनी प्रबंध मंजूर केला. फार गाजावाजा झाला नाही. ज्या गोष्टीने झाला असता ती त्यात नव्हती. कौशल्याला अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची जागा मिळाली आणि ती गेली. जाताना पंचफुलाच्या घरी जेवून गेली. देवमनने तिला जिनातल्या यंत्रांबद्दल तासभर सांगितलं आणि तिने ऐकलं.

पंचफुलाचं काम चालू राहिलं. सदुसष्ट साली प्रयोगशाळेत कायम जागा निघाली तेव्हा केशवरावांनी स्वतः तिचा अर्ज भरला. पण वयाची अट होती, आणि तिच्याकडे जन्माचा कागद नव्हता. डॉक्टरने दात बघून बेचाळीस लिहिलं. चाळीसची मर्यादा होती. हजारो बोंडांचं वय दिवसापर्यंत सांगणारी बाई स्वतःच्या वयावर अडली. तिने ते ऐकलं, "बरं," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर वावरात आली. त्या आठवड्यात मात्र ती कोणाशी फार बोलली नाही.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात अमरावतीहून पत्र आलं. नत्थुजींनी वाचून दाखवलं. कौशल्याबाईंनी लिहिलं होतं की कॉलेजच्या मुलींना बी कसं भरत जातं ते शिकवायचं आहे. पुस्तकातून ते येत नाही. पंचफुलाबाईंनी बोंडं घेऊन एक दिवस यावं.

"जा बाप्पा," नत्थुजी म्हणाले. "तुहा खाडा मांडत नाई मी."

तिने पहाटे पिशवीभर बोंडं तोडली, पंधरा दिवसांपासून चाळिसापर्यंतची, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एस.टी. धरली. ती अमरावतीला आधी एकदाच गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. स्टँडवर कौशल्या उभी होती. केसांत थोडे पांढरे आले होते, चष्मा लागला होता.

"स्थळ?" पंचफुलाने पहिलंच विचारलं.

"आई थकली शोधून," कौशल्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

कॉलेजचा व्हरांडा लांब होता. आतून मुलींचा कलकलाट येत होता. कौशल्याने दार ढकललं आणि स्वतः बाजूला झाली. पंचफुला आत शिरली. लांब लांब टेबलं, काचेची भांडी, आणि चाळीसेक मुली, दोन वेण्या घातलेल्या, वह्या उघडून बसलेल्या.

कलकलाट थांबला. बाकं सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या.

पंचफुलाने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मागे कोणी नव्हतं. कौशल्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती, बाहेरच.

पंचफुला पुढे वळली. तिने पदर खोचला.

"बसा व पोरीहो," ती म्हणाली, आणि पिशवी टेबलावर ओतली.